बोरीपाशी रेंज येते

वॉल्टर तुस्कानोला डोंगर आवडत नसत. तो वसईतल्या भुईगावचा. समोर समुद्र, मागे केळीच्या बागा, सगळी जमीन परातीसारखी सपाट. डोंगर म्हणजे पूर्वेला, पार लांब, तुंगारेश्वराची एक निळी रेघ. "ती तिथंच बरी," तो म्हणायचा. "जवळ गेलं की चढावं लागतं."

असा माणूस शेवटी आखातातल्या हजर नावाच्या पर्वताच्या पोटात जाऊन राहिला. तेही अशा जागी, जिथला कोणता दगड कोणत्या देशाचा हे वेदांगला अजून नीट सांगता येत नाही.

वेदांगची आणि त्याची ओळख शारजातली, रोल्लातली. बाजाराच्या मागचा एक जुना फ्लॅट. आतल्या खोलीत वॉल्टर आणि त्याची बायको इनेज. हॉलमध्ये प्लायवूडची भिंत उभी करून केलेल्या जागेत वेदांग. हा पुण्याचा, चोविशीतला. इंग्रजी साहित्यात एम.ए. करून दुबईच्या अल बर्शा भागातल्या एका जाहिरात कंपनीत लागला होता. अजून न बांधलेल्या इमारतींची वर्णनं लिहिणं हे त्याचं काम. इनेज त्याला 'पंडित' म्हणायची. कौतुकाने नाही.

वॉल्टर एका जुन्या हॉटेलात बेकर होता. पावाचा गोळा हातात घेतला की तो डोळे मिटायचा. का, असं वेदांगने एकदा विचारलं. "डोळे उघडे असले की हात आळशी होतात," तो म्हणाला. शुक्रवारी उरलेली क्रोसाँ घरी यायची, पण कधीच गुपचूप नाही. किचन मॅनेजरला विचारून, गेटवरच्या वॉचमनला पिशवी उघडून दाखवून. रस्ता रिकामा असला तरी वॉल्टर पायी सिग्नलला थांबायचा. शारजाच्या उन्हात, चिटपाखरू नसताना, लाल माणूस हिरवा होण्याची वाट बघत उभा. इनेज तोवर रस्ता ओलांडून पलीकडे गेलेली असायची आणि तिथून ओरडायची, "ये रे माझ्या संता, ये!"

इनेज अल बर्शातल्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती भुईगावात आणि तो आखातात, असं चाललं होतं. त्यांना मूल झालं नाही. इनेज म्हणायची, "वर्षातून एक महिना नवरा भेटतो, त्यात अर्धा वेळ तो झोपलेला." शेवटी तिला इकडे नोकरी मिळाली. विमानतळावर उतरली त्या दिवशी दोघांनी ठरवलं, खलास, आता वेगळं राहायचं नाही. इथे तर इथे, गावी तर गावी, पण एकत्र. ही गोष्ट वॉल्टरने वेदांगला इतक्या वेळा सांगितली होती, की त्यातला टॅक्सीवाला काय म्हणाला तेही त्याला पाठ होतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात एका नव्या हॉटेलने वॉल्टरला बोलावलं. हॉटेल समुद्रात भराव घालून उभं राहत होतं. हेड बेकरची जागा. त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं व्हिजिटिंग कार्ड बघितलं. जुन्या हॉटेलचा करार मुदतीआधी सोडून तो तिकडे गेला. दिवाळीपर्यंत भिंतींना प्लास्टर लागत होतं. नाताळपर्यंत क्रेन थांबल्या. जानेवारीत एका सकाळी पंधरा-वीस जणांना एका खोलीत बसवून चहा देण्यात आला, आणि चहा संपल्यावर व्हिसे रद्द झाल्याचं सांगण्यात आलं.

वर बंदी लागली. जुना करार अर्धवट सोडला म्हणून एक वर्षाची. ती नक्की कसली, हे कोणालाच धड सांगता येईना. व्हिसाचे अर्ज भरून देणारा एक टायपिंग सेंटरवाला म्हणाला, नुसती नोकरीवर आहे, व्हिजिटवर येता येईल. दुसरा म्हणाला, देशात पाऊलच ठेवायचं नाही. तिसरा म्हणाला, इन्शाल्ला, काहीतरी होईल. वॉल्टरने यातलं सगळ्यात कडक ते खरं मानलं. तो तसाच होता.

म्हणजे आता तो भुईगावला जाणार. आणि इनेज इथे, कारण दोघांपैकी एकाची तरी नोकरी राहायला हवी होती. त्या आठवड्यात प्लायवूडच्या पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. वेदांगला भांडणं ऐकायची सवय होती. ही शांतता त्याला झेपेना.

मग गनी आला. गनी कासरगोडचा. वॉल्टरच्या जुन्या हॉटेलला तो पूर्वी मैदा पुरवायचा. आता मदहा नावाच्या गावात त्याची स्वतःची लहानशी बेकरी होती आणि त्याचा बेकर पळून गेला होता.

"ओमान का व्हिसा है," गनी म्हणाला. "लेकिन ओमान दूर नहीं है, भाभी. इधर ही है. फुजैरा के पीछे."

"ओमान इधर कैसे होगा?" इनेज म्हणाली.

गनीने पेट्रोल पंपावर फुकट मिळणारा नकाशा जमिनीवर पसरला. चौघं ओणवे झाले. पूर्वेकडे, अमिरातींच्या पिवळ्या रंगात, तपकिरी डोंगरांच्या रेघोट्यांमध्ये, तिळाएवढा एक हिरवा ठिपका होता. बाजूच्या ओमानचा हिरवा. चारी बाजूंनी पिवळा.

"हे छपाईत सांडलंय," वेदांग म्हणाला.

"सांडा नहीं है. गाव है. पुराने जमाने में बुजुर्ग लोगों ने बोला, हम सुलतान के साथ. बस. तब से ओमान."

इनेजने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग तिने रोल्लापासून तिथपर्यंत वीत टेकवली. एक वीतही भरली नाही.

"शुक्रवारी मला जाता येईल?"

"गेट ही नहीं है, भाभी. रोड सीधा जाता है. आप का व्हिसा तो इधर का है, आप को कौन पूछेगा?"

"आणि हा बाहेर यायचा झाला तर?"

गनी वॉल्टरकडे बघत म्हणाला, "गेट नहीं है. लेकिन बंदी तो है ना. पकडा गया तो आंख का फोटो निकालते हैं. फिर जिंदगीभर नहीं आ सकता."

"मी बाहेर येणारच नाही," वॉल्टर म्हणाला. हे त्या संध्याकाळचं त्याचं पहिलं वाक्य.

असं तो गेला. आधी विमानाने मस्कतला. तिथून गनीच्या अरबाबाच्या, म्हणजे ज्या ओमानी मालकाच्या नावावर बेकरी होती त्याच्या गाडीतून. मदहाला जायला वाटेत अमिरातींमधूनच जावं लागतं. सीमेवरच्या चौकीत अरबाबाने कागद दाखवले, नुसतं आरपार जाण्यापुरता शिक्का मिळाला. वाटेत कुठे उतरायचं नाही, असं कोणीतरी वॉल्टरला सांगितलं. तो लघवीलासुद्धा उतरला नाही. "अरबाब दोनदा चहाला थांबला," तो नंतर सांगत होता, "मी आपला गाडीत. काच खाली करून चहा घेतला. कप बाहेर, मी आत."

पहिल्या शुक्रवारी वेदांग आपल्या जुन्या टीडा गाडीतून इनेजला घेऊन निघाला. चर्चमधली सकाळची मिसा आटोपून. वाळू संपली आणि डोंगर सुरू झाले. वेदांगने सह्याद्री बघितला होता. हे तसं काही नव्हतं. झाड नाही, गवत नाही, मातीसुद्धा नाही. गंजलेल्या लोखंडासारखे नुसते कडे, एकामागे एक, मध्ये गोट्यांनी भरलेले कोरडे ओढे. जणू कोणीतरी जमीन सोलून तिची हाडं उन्हात टाकली होती. फुजैरा आलं, समुद्र दिसला, मग खोरफक्कानच्या अलीकडे गाडी परत डोंगराकडे वळली. रस्ता तोच, डांबर तेच. एके ठिकाणी दिव्याच्या खांबांचा रंग बदलला. दोघांचे फोन एकदम वाजले. ओमानमध्ये आपलं स्वागत आहे.

"चला पंडित," इनेज म्हणाली. "परदेशात आलो. केस नीट करा."

गाव लहान होतं. खजुराच्या आणि आंब्याच्या बागा, त्यांना पाणी नेणारा दगडी पाट, एक पोलिस ठाणं, त्यावर ओमानचा झेंडा. गनीची बेकरी याही पुढे, आत, वरच्या वस्तीत. दारात वॉल्टर उभा होता. हाताला पीठ. इनेजला बघून त्याने हात मागे घेतले, की तिची ओढणी खराब होईल. तिने ते ओढून पुढे आणले.

मग हे नेहमीचंच झालं. एकाआड एक शुक्रवार. इनेज सुकं बोंबील, डबे, धुतलेले शर्ट घेऊन जायची. वेदांग खाटेवर पडून पुस्तक वाचायचा. कधी त्या दोघांना जागा मिळावी म्हणून बागेत जाऊन पाटात पाय सोडून बसायचा.

वॉल्टर सीमेला भ्यायचा. खरंखुरं भ्यायचा. समुद्राकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर तो पोलिस ठाण्याच्या पुढे कधी गेला नाही. एकदा त्याची दाढ सुजली. खोरफक्कानचा दातांचा डॉक्टर गाडीने दहा मिनिटांवर. गनी म्हणाला, "बैठ, कोई नहीं देखता." वॉल्टर लवंग चावत चार रात्री बसून राहिला. मग गावातल्या कोणाचा तरी डॉक्टर नातेवाईक मस्कतहून आला, त्याने ती काढली. बाकीच्या वेळी तो पाय मोकळे करायला जायचा तो उलटीकडे. आत. डोंगराकडे. कडेपासून जेवढं लांब तेवढं सुरक्षित, असा त्याचा साधा हिशोब. त्यात चूक काढायला जागाच नव्हती. वेदांगनेही काढली नसती.

तिथेच त्याला ती बोर सापडली. बेकरीपासून अर्ध्या तासाच्या चढावर, रस्त्याच्या वळणाला, एकटंच एक जुनं बोरीचं झाड. एका संध्याकाळी भट्टी विझवून तो तिथवर गेला आणि खिशातला जुना फोन वाजला. त्यात त्याचं दुबईचं जुनं सिमकार्ड होतं. बंद पडू नये म्हणून इनेज अधूनमधून त्यात पैसे भरायची. गावात ते मेलेलं असे. इथे, बोरीखाली, त्याला चांगल्या तीन काड्या रेंज.

"उंचीवर येते ना," त्याने सांगितलं. "डोंगरावरून सरळ दिसत असेल त्यांचा टॉवर."

सगळ्यांना पटलं. ओमानच्या फोनवरून बोलायचं म्हणजे परदेशी कॉल, दोन शब्दांत आटपायचं. बोरीखालून मात्र शेजारच्या गल्लीतून केल्यासारखा फोन लागे. मग रोज संध्याकाळी रोल्लात, प्लायवूडच्या पलीकडे, इनेजचा फोन वाजू लागला. वेदांग ऐकत असे. काही खास नसायचं. आज मैदा ओला होता. आज एका गेस्टने टॉवेल चोरले. काय जेवलास? मग बराच वेळ दोघंही गप्प. कट न करता. वेदांगला वाटायचं, साहित्यात एवढं वाचलं, पण अशी गप्प बसलेली माणसं कुठे भेटली नाहीत.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी वॉल्टर वेदांगला ती बोर दाखवायला घेऊन गेला. गुडघा दुखत होता म्हणून गाडीने. झाडाखाली गाडी वळवायला जागा नव्हती. "उतरून थांबा अंकल, पुढे जाऊन वळवून आणतो," वेदांग म्हणाला आणि पुढे गेला. एक वळण. दुसरं वळण. मग घरं दिसू लागली. चाळीसेक असतील. एक दवाखाना. एक पोलिस चौकी. चौकीवर झेंडा.

झेंडा अमिरातींचा होता.

वेदांगने गाडी थांबवली. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. समोर कचऱ्याचं पिंप होतं. त्यावर इंग्रजीत शारजा म्युनिसिपालिटीचं नाव. रोल्लात त्यांच्या दारासमोर होतं अगदी तसंच पिंप. उभ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी शारजाच्या. आपण गोल फिरून परत बाहेर पडलो की काय? पण वळणं दोनच घेतली होती. समुद्र कुठेच नव्हता. चारी बाजूंना तेच गंजलेले डोंगर.

त्याने गाडी वळवली. बोरीखाली वॉल्टर त्याला हात करत होता.

"अंकल, वर काय आहे?"

"गाव आहे म्हणे. मी नाही गेलो. कशाला?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने मोठा नकाशा शोधला. एका पर्यटन कंपनीच्या कामासाठी आणलेला, भिंतभर. पिवळ्यात हिरवा ठिपका. आणि भिंगाने बघितलं तर त्या हिरव्यात, बरोबर मध्ये, पुन्हा एक पिवळा ठिपका. नहवा. शारजाची वस्ती. अमिरातींच्या आत ओमान, ओमानच्या आत अमिराती. पेट्रोल पंपाच्या नकाशात त्याला जागाच उरली नसावी.

म्हणजे कडेला भिऊन आत चालत गेलेला माणूस रोज संध्याकाळी थेट बंदी असलेल्या देशात जाऊन बसत होता. रेंज उंचीमुळे येत नव्हती. तो तिथे होता म्हणून येत होती.

वेदांगला काय करावं ते सुचेना. सांगितलं तर फोन बंद होणार. नाही सांगितलं आणि एखाद्या दिवशी त्या चौकीतला कोणी शिपाई बोरीखाली येऊन "ओळखपत्र?" म्हणाला तर? डोळ्यांचा फोटो. जन्मभराची बंदी. मग ना शुक्रवार, ना रोल्ला. इनेज इथे, तो भुईगावला, पुन्हा वर्षातून एक महिना. इनेजला आधी विचारावं, असं त्याला दोन आठवडे रोज वाटत होतं. रोज संध्याकाळी प्लायवूडच्या पलीकडे फोन वाजायचा आणि तो गप्प बसायचा. शेवटी त्याने ठरवलं, की मित्राला सत्य सांगावं. चोविसाव्या वर्षी हे फार स्वच्छ वाटतं.

पुढच्या खेपेला, दुपारी इनेज खोलीत मासे तळत होती. वॉल्टर म्हणाला, चल, वर वारा असेल. बोरीखाली बसल्यावर वेदांगने सांगून टाकलं.

वॉल्टर आधी हसला. मग त्याने रस्त्याकडे बघितलं. मग खाली, स्वतःच्या चपलांकडे. तव्यावरून उठावं तसा तो उठला.

"म्हणजे मी आत्ता..."

"हो."

"आणि रोज..."

वेदांगने मान हलवली.

वॉल्टर उतार उतरू लागला. धावत नव्हता, पण गुडघा विसरला होता. एके ठिकाणी थांबून त्याने विचारलं, "आता कुठे आहे मी?"

"माहीत नाही, अंकल."

"आणि आता?"

"खरंच माहीत नाही. तिथे खूण नाहीये कुठलीच."

बेकरीत पोहोचल्यावर तो आत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि हातात पासपोर्ट. इनेज झारा घेऊनच मागोमाग आली.

"हा कुठे निघालाय?"

"पोलिसांकडे," वॉल्टर म्हणाला. "जे झालं ते सांगून टाकतो. चुकून झालं, माफ करा म्हणतो. त्यांना नंतर कळण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं."

"कुठल्या पोलिसांकडे?" गनी काउंटरमागून म्हणाला. "नीचे वाला ओमान का है. उस को क्या करना है? तू ओमान का आदमी, ओमान में खडा है. और ऊपर वाले के पास जाएगा तो फिर से इल्लीगल जाएगा. माफी मांगने के लिए गुनाह करेगा?"

वॉल्टर गोंधळला. दारात उभा राहून तो एकदा रस्त्याच्या या टोकाला बघे, एकदा त्या. वेदांगला ते बघवेना. सिग्नलच नसलेल्या रस्त्यावर तो माणूस दिवा शोधत होता.

"काय झालंय मला कोणी सांगेल का?" इनेज म्हणाली.

वेदांगने सांगितलं. नकाशा, पिवळ्यातला हिरवा, हिरव्यातला पिवळा. इनेजने सगळं ऐकून घेतलं. झारा खाली ठेवला.

"आणि हे तू ह्याला सांगितलंस."

"आंटी, सांगायला नको? पकडले असते तर?"

"पंडित," ती म्हणाली, "माझा नवरा ओमानातून फोन करतो आणि पैसे लोकल कॉलचे कापले जातात. मी हाउसकीपिंग करते, मूर्ख नाही. आमच्या हॉटेलच्या टेलिफोन ऑपरेटरला विचारलं मी पहिल्या महिन्यातच. ती म्हणाली, मॅडम, हा माणूस याच देशात उभा आहे."

वेदांगचं तोंड उघडं राहिलं. त्याने गनीकडे बघितलं. गनी पावांची मांडणी नीट करू लागला.

"तुम्हालाही माहीत होतं?"

"अरे भाय, पूरे गाव को मालूम है. ऊपर का शिपाई मेरे पास से ही खुबूस की रोटी लेता है. बोलता है, वो तुम्हारा आदमी पेड के नीचे बैठकर रोज किस के साथ बात करता है? मैंने बोला, बीवी के साथ. वो बोला, रोज? बीवी के साथ?" गनीने हात उडवले. "तब से वो उस टाइम उस रास्ते पर आता ही नहीं. शरमाता है."

कोणीच हसलं नाही. वॉल्टर इनेजकडे बघत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि तू मला जाऊ दिलंस."

"हो."

"पकडला असता तर?"

"तर पकडला असता. सांगितलं असतं तर तू गेला नसतास. मला तुझा संध्याकाळचा आवाज पाहिजे होता. मी मोजलं, आणि गप्प बसले." तिने ओढणीला हात पुसले. "तू बारा गावचे नियम पाळ. मी एवढा एक मोडला. तुझ्या नावावर मोडला, हे चुकलं. पण मोडला."

"मग मी जाऊन सांगितलं पाहिजे."

"पोलिस म्हणजे फादर आहे का? तीन नमो मारिया म्हण, जा घरी, असं सांगेल?"

"पण मला कळलंय आता, इनेज. कळल्यावर मी तिथे बसू शकत नाही."

हे त्याने अगदी हळू सांगितलं. माशांचा जळका वास बाहेर येऊ लागला होता. गनी आत जाऊन गॅस बंद करून आला.

वेदांगला वाटलं, संपलं. हे आपण केलं. एक बोर होती, तीही आपण तोडली.

इनेजने पदरासारखी ओढणी कमरेला खोचली. "लाइन नक्की कुठे आहे?" तिने गनीला विचारलं.

गनीने तळहात पसरून डोंगराचा निम्मा उतार दाखवला. "उधर कहीं."

"चला," ती म्हणाली. "पासपोर्ट आत ठेव, वॉल्टर. आणि तो फोन घे."

चौघं निघाले. ऊन कलतं होतं. डोंगरांचा रंग गंजावरून जांभळ्यावर येत होता. बोरीच्या बरंच खाली इनेजने वॉल्टरला थांबवलं. "बघ."

"रेंज नाही."

"वर चल. बघ."

"नाही."

असे ते चढत राहिले. मध्येच वॉल्टर पाऊल उचलायचा आणि खाली टेकवायला घाबरायचा. रस्त्याच्या कडेला एक बैलाएवढा काळा दगड होता. तिथे तो म्हणाला, "एक काडी आली. गेली. आली."

"हलू नकोस." इनेज त्याच्याजवळ गेली. त्याचा फोन धरलेला हात तिने मनगटाला पकडून पुढे लांब केला.

"आता?"

"आहे. एक."

"मागे घे."

"गेली."

"पुढे."

"आली."

इनेजने चपलेच्या टाचेने दगडापासून रस्त्यापर्यंत खडीत एक रेघ ओढली. वाकडी आली. तिने ती परत ओढली.

"ही तुझी बॉर्डर. ह्याच्या अलीकडे बसायचं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. दुसऱ्या कोणी काढली असेल तर मला दाखव."

वॉल्टरने इकडे तिकडे बघितलं. खरंच दुसरी कुठलीच नव्हती. "पण हात?" तो म्हणाला. "हात पलीकडे जातोय."

"हाताला व्हिसा लागतो असं मी तरी ऐकलं नाही. स्पीकर लाव आणि ओरड. मी इथून ऐकते ते तिथूनही ऐकेन."

गनी म्हणाला, "सही है. टेस्ट करो."

वॉल्टर दगडाला पाठ टेकून बसला. पाय आखडून घेतले, रेघेपासून वीतभर मागे. हात लांब केला. इनेज रेघ ओलांडून वर, बोरीखाली जाऊन उभी राहिली आणि तिथून तिने आपल्या फोनवरून त्याला फोन लावला. तो वाजला.

वेदांगच्या डोळ्यांसमोर ऑफिसातला भिंतभर नकाशा आला. त्याला आठवत होतं त्याप्रमाणे पिवळा ठिपका या दगडाच्या खालपर्यंत पसरला असावा. किंवा नसावा. शाईची रेघच त्या प्रमाणात अख्ख्या उताराएवढी जाड होती. दगड ओमानात होता की अमिरातींत? वॉल्टर? की अर्धा अर्धा? रेंज आणि सीमा यांचा एकमेकींशी काही संबंध तरी होता का? बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं. वरून, बोरीखालून, फोन कानाला लावलेली इनेज त्याच्याकडे बघत होती.

त्याने तोंड मिटलं.

"हॅलो," वॉल्टर लांब केलेल्या हाताकडे बघत ओरडला. "येतंय का ऐकू?"

"येतंय," इनेज वरून म्हणाली. आवाज दोनदा आला, एकदा डोंगरावरून आणि एकदा फोनमधून. "काय जेवलास?"

"अजून कुठे? मासे जाळलेस तू."

इनेज आणि वेदांग परत निघाले. मसाफीच्या बाजारापाशी तिने चहा घ्यायला लावला. चहाचा अर्धा कप रिकामा झाल्यावर म्हणाली, "तो जाईल का उद्या, काय वाटतं तुला?"

"माहीत नाही, आंटी."

"मलापण नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी वेदांग ऑफिसातून लवकर आला. प्लायवूडच्या अलीकडे, दिवा न लावता बसून राहिला. खाली बाजाराचा गलबला चालू होता. पलीकडे इनेज चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. नेहमीची वेळ आली. गेली. कपाटाचं दार उघडलं, मिटलं.

मग फोन वाजला.

"हॅलो," इनेज म्हणाली. मग मोठ्याने, "ओरडू नकोस, ऐकू येतंय." मग बराच वेळ काहीच नाही. मग खालच्या आवाजात, "हात दुखतोय का?"